युद्धकाळातल्या जीपचा खरा रंग कसा शोधायचा? खानदेशातल्या जुन्या गाडीवाल्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात जुन्या जीपा अजूनही निघतात. कुणाच्या खळ्यात, कुणाच्या केळीबागेच्या शेडखाली, कुणाच्या जिनिंगच्या मागच्या आवारात. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारने लिलावात काढलेल्या गाड्या कोरडवाहू शेतकऱ्यापासून ठेकेदारापर्यंत अनेकांनी घेतल्या आणि ‘डिस्पोजलची जीप’ म्हणून पुढची कित्येक वर्षं राबवल्या. आता नातवंडं त्या उभ्या करताहेत. इंजिन बसवणारे मिस्त्री आपल्याकडे आहेत, पत्रा ठोकणारे आहेत. गाडी अडते ती रंगापाशी. म्हणून रंगाबद्दलचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

माझी जीप खरोखर युद्धातली आहे का, हे आधी कसं ओळखायचं?

रंगाच्या आधी हाच प्रश्न सोडवा, कारण उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं बरंच काही लागू होत नाही. समोरची जाळी पाहा. युद्धकाळातल्या दाबाच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. विलीज या अमेरिकन कंपनीच्या नंतरच्या नागरी जीपांना सात. बॉनेट उंच, नाक वर आलेलं असेल तर ती सीजे-३बी घराण्यातली, म्हणजे १९५३ नंतरची रचना. आपल्याकडे महिंद्राने जोडलेल्या आणि पुढे बनवलेल्या जीपा याच घराण्यातल्या खूप आहेत.

जाळी मात्र बदललेली असू शकते, म्हणून खाली वाकून चेसी पाहा. रेडिएटरच्या खालचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज एमबी. उलट्या यू आकाराच्या पट्टीचा असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू. फोर्डच्या बोल्टच्या डोक्यांवर इंग्रजी एफ अक्षर कोरलेलं सापडतं. युद्धात या दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे खानदेशात एखादी निघणं अगदी शक्य आहे.

दुकानात ‘मिल्ट्री ग्रीन’ म्हणून डबा मिळतो. तो मारला तर काय बिघडतं?

गाडी पोपटी दिसते. अमेरिकन लष्कराच्या त्या वेळच्या ऑलिव्ह ड्रॅबमध्ये हिरवं रंगद्रव्य जवळपास नव्हतंच. पिवळी माती, म्हणजे ऑकर, आणि काळा यांच्या मिश्रणातून तो बनायचा. काळ्यात पिवळा गेला की डोळ्याला हिरवट भास होतो. पण तो हिरवट भास असलेला तपकिरी आहे, पानाचा हिरवा नाही. यावर विश्वास बसत नसेल तर पेंटच्या दुकानातून काळ्या आणि पिवळ्या ऑकर स्टेनरच्या छोट्या बाटल्या आणा, पत्र्याच्या तुकड्यावर काडीने मिसळा आणि उन्हात धरा. आधी मळकट पिवळा, मग शेवाळी, मग गडद मातकट होत जाणारा तो रंग एकदा पाहिला की बाजारातला डबा तुम्ही स्वतःच परत ठेवाल.

मग नेमका नंबर सांगा ना.

अमेरिकन जीपसाठी युद्धकाळातलं नाव ‘लस्टरलेस ऑलिव्ह ड्रॅब नंबर ९’. लस्टरलेस म्हणजे चकाकी नसलेला. आज त्याला सर्वांत जवळचा म्हणून फेडरल स्टँडर्ड ५९५ या अमेरिकी सरकारी रंगमानकातला ३३०७० हा क्रमांक सांगितला जातो, आणि सुरुवात करायला तो चांगला आहे.

पण हे स्टँडर्ड १९५६ साली आलं, म्हणजे युद्ध संपून दशक उलटल्यावर. म्हणून ३३०७० ही नंतर लावलेली जवळची जुळणी आहे. जीप रंगवणाऱ्या कारखान्यासमोर तो आकडा नव्हता. दुसरं, ऑलिव्ह ड्रॅबचा म्हणून नेटवर सगळीकडे दिसणारा ३४०८७. या क्रमांकाची रंगपट्टी स्टँडर्डच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत सारखी राहिलेली नाही. दोन दुकानदार दोन आवृत्त्यांवरून ‘३४०८७’ बनवतील आणि दोघांचा रंग वेगळा येईल. क्रमांक सांगताना आवृत्ती सांगितलीच पाहिजे. २०१७ मध्ये हे स्टँडर्ड मागे घेऊन त्याच्या जागी एसएई या संस्थेचं एएमएस-एसटीडी-५९५ आलं; क्रमांकांची पद्धत तीच आहे.

क्रमांक वाचायची रीत सोपी आहे. पाचपैकी पहिला आकडा चकाकी सांगतो: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धी चमक, ३ म्हणजे मॅट. दुसरा आकडा रंगाचा गट. ३ हा पिवळ्याचा, ४ हा हिरव्याचा. ३३०७० पिवळ्याच्या गटात बसतो, हे वरच्या ऑकरच्या गोष्टीशी जुळतंच.

शेवटी एक लक्षात असू द्या: युद्धात रंग अनेक कंपन्यांकडून घेतला गेला आणि लॉटमागे थोडाफार फरक पडला. एकमेव खरा रंग शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. तुमच्या गाडीवर बसलेला रंग शोधायचा आहे, आणि तो बहुतेक वेळा गाडीवरच असतो.

गाडीवर जुना रंग नेमका कुठे सापडतो?

ऊन, पाऊस आणि पेंटरची गन जिथे पोहोचली नाही तिथे. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर माहितीच्या धातूच्या पट्ट्या असतील तर त्यांच्या मागे. या पट्ट्या रंगावर बसवलेल्या असतात, त्यामुळे मागे सापडलेला थर सर्वांत भरवशाचा. डॅशबोर्डच्या मागची बाजू, मागच्या चाकांवरच्या हत्यारपेट्यांच्या झाकणांची आतली बाजू, बॉनेटच्या खालची कड, हेडलाइटच्या ब्रॅकेटची पाठ, काचेच्या चौकटीच्या बिजागऱ्या, ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी बसते तो खळगा. गाडीच्या तळपत्र्याखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांत शोधू नका. तिथे आतल्या लाकडामुळे ओल धरते आणि गंजाशिवाय काही उरत नाही.

जागा सापडली की पाच रुपयांच्या नाण्याएवढा गोल घ्या. ४०० नंबरचा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात भिजवलेला. हात हलका, गोलाकार, मधोमध जास्त आणि कडेला कमी. मग ८००, मग १५००. मधला पत्रा उघडा पडेपर्यंत थांबू नका. कडेचा उतार नीट आला की एकेक थर वर्तुळासारखा दिसू लागतो: सर्वांत बाहेर मालकाचा आकाशी किंवा पांढरा, त्याच्या आत एखादा लाल, मग चकचकीत गडद हिरवा, मग एकदम कोरडा, मातकट ऑलिव्ह, मग लालसर प्रायमर, मग पत्रा. धुळ्याकडचे एक जुने पेंटर त्या मातकट वर्तुळावर नख टेकवून म्हणायचे, “बठ्ठास्ना खाले शे हाऊ रंग.” म्हणजे सगळ्यांच्या खाली आहे हा रंग. शोधायचा आहे तो हाच.

थिनर लावू नका. थिनरने थर एकमेकांत विरघळतात आणि सगळं वाचन पुसलं जातं.

कोरडं घासू नका, हे त्याहून महत्त्वाचं. जुन्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिसं आणि क्रोमेट असू शकतं. पाणी लावूनच घासा, चांगला मास्क घाला, घासलेला चिखल कागदावर गोळा करा, अंगणात धुऊन टाकू नका, आणि लहान मुलांना शेडमध्ये येऊ देऊ नका.

आणि कळकळीची विनंती: हे सगळं सँडब्लास्टिंगच्या आधी करा. औद्योगिक वसाहतीत गाडी ब्लास्टिंगला दिली की तासाभरात स्वच्छ पत्रा मिळतो आणि त्या गाडीचा ऐंशी वर्षांचा पुरावा धूळ होऊन जातो. तो परत आणायला कोणताही मार्ग नाही.

सापडलेला थर युद्धातलाच कशावरून? नंतरचा असू शकत नाही का?

असू शकतो, म्हणून एका जागेवर विसंबू नका. निदान तीन-चार जागी वर्तुळं काढा आणि प्रायमरला चिकटलेला पहिला रंग सगळीकडे तोच येतो का पाहा. चकचकीत हिरवा असेल तर तो बहुधा नंतरचा.

दुसरी खूण म्हणजे आकडे. अमेरिकन जीपच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक रंगवलेला असायचा आणि जीपच्या वर्गासाठी तो २० ने सुरू व्हायचा. सुरुवातीच्या काळात तो निळसर रंगात, नंतर पांढऱ्यात. वर कितीही हात मारले असले तरी आकड्यांची कड थोडी उठलेली राहते. रात्री शेडमधला दिवा बंद करा, बॅटरी बॉनेटच्या पत्र्याला जवळपास टेकवून आडवा उजेड टाका. कड दिसली तर तिथे अगदी सावकाश घासा. तो क्रमांक मिळाला तर तुमच्या हातात गाडीची ओळख आली.

एक सावधगिरी. तेल किंवा अल्किडचा रंग अंधारात झाकून राहिला की पिवळा पडतो, आणि उन्हात राहिला की खडूसारखा फिका होतो. म्हणून पट्टीमागचा रंग उघडल्यावर लगेच जुळणीला नेऊ नका. तो तुकडा काही दिवस उजेडात ठेवा, पिवळेपणा थोडा उतरतो. फिक्या पडलेल्या जागी वरची भुकटी निघेपर्यंत ओलं घासा आणि ओला असतानाच रंग पाहा.

गाडी अमेरिकन, पण इथे ती ब्रिटिश-भारतीय सैन्याकडे होती. मग कोणता रंग धरायचा?

खानदेशात निघणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा इतिहास असाच आहे. अमेरिकेने उधार-पट्ट्यावर, म्हणजे मित्रराष्ट्रांसाठीच्या ‘लेंड-लीज’ योजनेखाली, दिलेल्या जीपा आणि कॅनडात बनलेले फोर्ड-शेव्हरोलेचे लष्करी ट्रक मोठ्या संख्येने भारतात उतरले. कॅनडाने असे ट्रक चार लाखांहून जास्त बनवले. युद्धानंतर त्यांच्याच चेसीवर आपल्याकडे मालट्रक आणि बसच्या बॉड्या चढल्या. कॅनडाच्याच चेसीवर भारतात चिलखती बॉडी चढवून ‘इंडियन पॅटर्न’ गाड्या बनल्या; जवान त्यांना ‘टाटानगर’ म्हणत.

ब्रिटिशांनी एप्रिल १९४४ मध्ये एससीसी १५ नावाचा स्वतःचा ऑलिव्ह ड्रॅब ठरवला. कारण अगदी व्यवहाराचं होतं: अमेरिकेतून येणाऱ्या गाड्या पुन्हा रंगवत बसायला नकोत. त्यामुळे त्यानंतर आलेली जीप मूळ अमेरिकन रंगातच वापरात राहिली असण्याची शक्यता जास्त. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठीच्या गाड्यांना जंगलाशी मिळता गडद हिरवा मारला जाई. तुमच्या वर्तुळात मातकट ऑलिव्हच्या वर लगेच मॅट गडद हिरवा थर दिसला तर तो हाच असू शकतो.

अशा गाडीत दोन्ही रंग खरे आहेत. माझं मत असं: ज्या काळातल्या खुणा, सामान आणि सुटे भाग तुमच्या गाडीवर शिल्लक आहेत त्या काळाचा रंग द्या. जीप कारखान्यातून निघाली तशी आणि डिव्हिजनची खूण ब्रह्मदेशातली, अशी सरमिसळ करू नका.

जुन्या फोटोवरून रंग ठरवता येईल का?

रंग नाही, बाकी बरंच. कृष्णधवल फोटोतून चकाकी किती, आकडे कुठे, चिखल कुठवर, अवजारं कुठे बांधली हे कळतं. त्या काळच्या काही फिल्म लाल रंग जवळजवळ काळा दाखवत, त्यामुळे करड्या छटेवरून रंग ओळखणं निव्वळ अंदाज ठरतो. रंगीत फोटोही स्कॅन होताना बदलतात आणि मोबाइलचा पडदा त्यात आणखी भर घालतो. संग्रहालयातल्या गाड्यांचंही तेच. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय खानदेशातून एका दिवसात पाहून येण्यासारखं आहे आणि जरूर पाहावं. पण उघड्यावर ठेवलेल्या गाड्या टिकवण्यासाठी वेळोवेळी रंगवाव्याच लागतात. तिथे रचना अभ्यासा, रंगाचा नमुना घेऊ नका.

नमुना मिळाला. आता तो रंग बनवून कसा घ्यायचा?

मोटारीचा रंग मशीनवर मिसळून देणारी दुकानं जळगाव-धुळ्यात आहेत. त्यातल्या ज्यांच्याकडे रंग मोजणारं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, आहे तिथे जा. घासून गुळगुळीत केलेला सुटा भाग न्या. हत्यारपेटीचं झाकण उत्तम. यंत्राने दिलेलं सूत्र हा पहिला अंदाज समजा. मॅट आणि खडबडीत नमुन्यावर यंत्र थोडं फिकं वाचतं.

दुकानदाराला आधीच सांगा की हिरवा टिंटर शक्यतो टाळायचा, काळा आणि पिवळा ऑकर यांवरच भर द्यायचा. यंत्राला दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये जुळणारं मिश्रण हिरवा, लाल आणि काळा मिळूनही बनवता येतं. तेच मिश्रण बाहेर उन्हात नेलं की वेगळं दिसतं. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि जुन्या नमुन्याला चिकटवून तीन ठिकाणी पाहा: सकाळच्या सावलीत, दुपारच्या उन्हात, रात्री दिव्याखाली. तिन्हीकडे जुळला तरच मोठा डबा बनवा. एकाच वेळी सगळा लागेल एवढा बनवा. दुसऱ्या खेपेचा रंग तंतोतंत येत नाही.

आपल्या पेंटरशी बोलायला भारतीय मानकाचं आयएस ५ शेड कार्ड उपयोगी पडतं. त्यातला २२० हा ऑलिव्ह ग्रीन त्याच्या ओळखीचा असतो. ‘यापेक्षा पिवळट आणि मातकट’ असं दाखवून सांगता येतं. तो क्रमांक जसाच्या तसा मारू मात्र नका.

मॅट किती ठेवायचा? आणि कोणता पेंट घ्यायचा?

युद्धकाळात चकाकी जवळपास शून्य होती, कारण चमकणारा पत्रा विमानातून दिसतो. तोच रंग चकचकीत केला की जास्त गडद आणि जास्त हिरवा भासतो. त्यामुळे छटा बरोबर असूनही चमक चुकली तर गाडी चुकीचीच दिसते.

मूळ रंग सिंथेटिक एनॅमलच्या जातीचा होता. रॅलीत आणि गावात फिरणाऱ्या गाडीला आज टू-के पीयू (दोन घटक मिसळून लावायचा पॉलियुरेथेन) मॅट जास्त टिकतो, डिझेलचे डाग पुसता येतात. घरात उभी राहणार असेल तर मॅट सिंथेटिक मूळच्या जवळ जातो. चमक मारणारी मॅटिंग पेस्ट पेंटरच्या अंदाजाने ओतू देऊ नका. वजन करून घाला, नाहीतर बॉनेट एका चमकेचं आणि मडगार्ड दुसऱ्या चमकेचं होतं. आणि मॅट रंग पॉलिश करून दुरुस्त होत नाही, तेव्हा लांबीचं, म्हणजे पुट्टीचं, काम आधीच नीट करून घ्या.

खानदेशच्या हवेत रंगकाम कधी करावं?

दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, उभ्या गाडीचा पत्रा त्याहून तापतो, आणि गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो. मग अंग खरखरीत येतं आणि मॅट रंगावर पांढुरकी झाक राहते. उन्हाळ्यात करावंच लागलं तर सूर्य उगवायच्या सुमारास, सावकाश उडणारा थिनर घालून. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट तर नकोच. दमट हवेत तो धुरकटतो.

थंडीतही एक अडचण आहे: जिनिंगचा हंगाम त्याच वेळी असतो. आसपास कापूस उतरत असेल तर हवेत तंतू तरंगतात आणि ओल्या रंगावर बसतात. शेडला ताडपत्री लावा, जमिनीवर पाणी मारा, आणि जिन बंद असेल तो दिवस धरा.

इंजिन, चेसी, आतली बाजू यांचा रंग वेगळा का?

बॉडीची आतली बाजू बाहेरच्याच रंगाची. फोर्डचं इंजिन करडं, विलीजचं ऑलिव्हच्या घराण्यातलं. चेसीबद्दल वर्षानुसार आणि कारखान्यानुसार फरक होते, म्हणून तिथेही वर्तुळ काढून पाहा.

वाळवंटातल्या किंवा जर्मन गाडीचं मॉडेल करायचं असेल तर?

उत्तर आफ्रिकेत भारताची चौथी डिव्हिजन लढली, त्यामुळे हा प्रश्न आपलाही आहे. तिथल्या ब्रिटिश गाड्यांवर लाइट स्टोन आणि पोर्टलंड स्टोन हे रंग होते. जुन्या ब्रिटिश मानकातले त्यांचे ६१ आणि ६४ हे क्रमांक आजच्या बीएस ३८१सी कार्डात ३६१ आणि ३६४ झाले. ऑक्टोबर १९४२ च्या आदेशानंतर डेझर्ट पिंक आला. जर्मन गाड्या सुरुवातीला आरएएल या जर्मन रंगमानकातल्या ७०२१ या गडद करड्या रंगाच्या, फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळ्या. तो पिवळा, ७०२८, आजच्या आरएएल क्लासिक कार्डात नाही. मॉडेल लहान असेल तर मूळ रंगात किंचित पांढरा मिसळा, नाहीतर फार काळपट दिसतं.

ऑलिव्ह रंगाची गाडी रस्त्यावर चालवता येते का?

रंगाचा डबा घेण्याआधी हे वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार संरक्षण विभागाच्या गाड्यांखेरीज इतर गाड्यांना ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. ‘माझा रंग तांत्रिकदृष्ट्या तपकिरी आहे’ असं चौकात पोलिसांना पटवण्याची वेळ स्वतःवर आणू नका. ऑलिव्ह ड्रॅब त्यांच्या नजरेला लष्कराचाच रंग दिसणार, आणि त्यामागचं सुरक्षेचं कारण योग्य आहे. रंग बदलला की आरसी बुकातही नोंद बदलावी लागते.

म्हणून आधी आपल्या आरटीओत, म्हणजे जळगावला एमएच १९, धुळ्याला एमएच १८, नंदुरबारला एमएच ३९, लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्या. २०२१ च्या व्हिंटेज नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खासगी दुचाकी आणि चारचाकी गाड्यांची वेगळी नोंद होते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, क्रमांकात व्हीए अक्षरं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. ही नोंदणी म्हणजे ऑलिव्ह रंगाची परवानगी असं गृहीत धरू नका. रंगाचा प्रश्न अर्जात वेगळा विचारा. परवानगी नसेल तर खरा रंग दिलेली गाडी ट्रेलरवरून कार्यक्रमाच्या जागी न्यायची आणि खासगी आवारात दाखवायची.

पांढरा तारा आणि डिव्हिजनची खूण काढावी का?

पुरावा असेल तरच. तारा ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन लष्करी गाड्यांची राष्ट्रीय खूण झाला. गोल कड्यातला तारा सगळ्या गाड्यांवर नव्हता. भारतीय डिव्हिजनच्या खुणा देखण्या आहेत, चौथीचा लाल गरुड, पाचवीचा आगीचा गोळा, सतराव्या डिव्हिजनचं काळं मांजर. पण त्या खुणेखाली माणसं मेली आहेत. तुमची गाडी त्या डिव्हिजनची होती असं दाखवणारं काही हाती नसेल तर पत्रा कोरा ठेवा, गाडी तेवढीच सुंदर दिसते.

१९६५ किंवा १९७१ च्या युद्धातल्या गाड्यांना हेच लागू आहे का?

शोधायची रीत तीच, रंग वेगळा. जबलपूरला बनलेल्या शक्तिमान आणि जोंगा गाड्यांना महायुद्धातला अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब देऊ नका. त्यांचा भारतीय ऑलिव्ह ग्रीन त्यांच्याच पत्र्यावरून घ्या.

रंग पूर्ण झाल्यावर जुन्या थराचं काय करायचं?

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा हत्यारपेटीच्या झाकणाच्या आत तळहाताएवढी जागा न रंगवता ठेवा. तिथे घासलेलं वर्तुळ तसंच राहू द्या आणि वर पारदर्शक लॅकर मारू नका, तोही पिवळा पडतो. पातळ मेणाचा हात पुरे. रंगाचं सूत्र, कंपनी, मॅटिंग पेस्टचं वजन, रंगवल्याची तारीख आणि वर्तुळं कुठे काढली ते एका कागदावर लिहा, एक प्रत आरसीच्या पाकिटात ठेवा आणि दुसरी पेंटरला द्या. रंगवलेला एक छोटा पत्रा घरातल्या कपाटात अंधारात आणि एक उजेडात ठेवा. दहा वर्षांनी मडगार्ड ठोकलं आणि पुन्हा रंग लागला, तर कोणता पत्रा घेऊन दुकानात जायचं ते तेव्हाच्या गाडीकडे पाहून ठरवता येईल.